बत्तीस फुटांची ‘सुहैली’ : संथ नौकेने पृथ्वीप्रदक्षिणा कशी पूर्ण केली?

प्रतिनिधी, मुंबई

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील फाल्मथ बंदरात २२ एप्रिल १९६९ रोजी एक छोटी शिडाची नौका शिरली. तिच्या अंगावरून गंजाचे ओघळ उतरले होते आणि रंग बहुतेक ठिकाणी उडाला होता. तपासणीसाठी आलेल्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी रिवाजानुसार ‘कोणत्या बंदरातून आलात?’ असे विचारले. नौकेवरच्या एकमेव माणसाने ‘फाल्मथहून’ असे उत्तर दिले. ते उत्तर शब्दशः खरे होते. ३१२ दिवसांपूर्वी याच बंदरातून निघालेली ही नौका वाटेत कोणत्याही बंदरात न थांबता, कोणाचीही मदत न घेता, पृथ्वीला वळसा घालून पुन्हा तेथेच पोहोचली होती. एकट्या माणसाने अशी विनाथांबा प्रदक्षिणा पूर्ण करण्याची ती जगातील पहिलीच वेळ होती.

त्या खलाशाचे नाव रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन आणि त्याच्या नौकेचे नाव ‘सुहैली’. नॉक्स-जॉन्स्टन यांना पुढे ‘सर’ हा किताब मिळाला आणि त्यांचे नाव सागरी साहसाच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले. मात्र ही नौका मुंबईत, मुंबईच्या सुतारांनी सागवानी लाकडातून घडवली होती, हे मुंबईकरांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. त्याहून आश्चर्याची बाब अशी की, शर्यतीत उतरलेल्या नौकांमध्ये ‘सुहैली’ सर्वांत संथ नौकांपैकी एक होती. वेगाच्या स्पर्धेत एक संथ नौका जिंकते, यामागे नशिबाचा भाग किती आणि नौकेच्या बांधणीचा किती, हे समजून घेण्यासारखे आहे.

कुलाब्यात नारळ वाढवला

साठच्या दशकाच्या आरंभी नॉक्स-जॉन्स्टन ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या व्यापारी जहाजांवर अधिकारी होते. मुंबई आणि इराणचे आखात यांदरम्यान त्यांच्या फेऱ्या होत. मायदेशी परतताना स्वतःच्या नौकेतून जावे, या इच्छेने त्यांनी कुलाबा वर्कशॉपमध्ये नौका बांधायला घेतली. यांत्रिक अवजारे जवळजवळ नव्हतीच. वाकसाने लाकूड तासायचे, दोरीच्या धनुकलीने फिरणाऱ्या सामत्याने भोके पाडायची आणि हातकरवतीने फळ्या कापायच्या, ही पिढ्यान् पिढ्या चालत आलेली पद्धत तेथे वापरली गेली.

मुंबईला या कामाची परंपरा मोठी आहे. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईत आले आणि त्यांच्या घराण्याने येथील गोदीत सागवानी जहाजे बांधून ब्रिटिश आरमारालाही पुरवली. १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत आहे. सागाच्या लाकडात नैसर्गिक तेल असते. त्यामुळे ते सहसा कुजत नाही, किड्यांना चटकन बळी पडत नाही आणि पाण्याने फारसे फुगत किंवा आकसत नाही. युरोपातील ओक लाकडातील आम्लामुळे लोखंडी खिळे लवकर खराब होतात; सागात तो त्रास पुष्कळ कमी असतो. खोल समुद्रात जाणाऱ्या लहान नौकेसाठी याहून विश्वासू लाकूड मिळणे कठीण.

१९ डिसेंबर १९६४ रोजी नाळेवर नारळ वाढवून नौका पाण्यात उतरवण्यात आली. इराणच्या आखातात आग्नेयेकडून वाहणाऱ्या वाऱ्याला अरब खलाशी ‘सुहैली’ म्हणतात. तेच नाव तिला देण्यात आले. १९६५ च्या अखेरीस नॉक्स-जॉन्स्टन, त्यांचा भाऊ आणि एक मित्र असे तिघे मुंबईहून निघाले. दक्षिण आफ्रिकेत काही काळ नोकरी करून त्यांनी पैसे जमवले आणि १९६७ साली ते इंग्लंडला पोहोचले. या प्रवासात नौकेचा एक गुण त्यांच्या लक्षात आला. शिडे नीट जुळवली की सुकाणूवर कोणी नसतानाही ‘सुहैली’ आपली दिशा धरून तासन् तास चालत राही. हा गुण पुढे निर्णायक ठरणार होता.

आराखडा आला नॉर्वेहून, अमेरिकेमार्गे

‘सुहैली’चा आराखडा तिच्या जन्माच्या वेळीच चाळीस वर्षांचा जुना होता. विल्यम ॲटकिन या अमेरिकी आरेखकाने १९२० च्या दशकात ‘एरिक’ या नावाने तो तयार केला. त्याचे मूळ मात्र नॉर्वेत आहे.

कोलिन आर्चर (१८३२–१९२१) हे स्कॉटिश आईवडिलांच्या पोटी नॉर्वेतील लार्विक येथे जन्मलेले नौकाबांधणीकार. ध्रुवीय संशोधक नान्सेन यांचे बर्फात न चिरडणारे ‘फ्राम’ हे जहाज त्यांनीच बांधले. त्यांचे दुसरे मोठे काम म्हणजे जीवरक्षक नौका. नॉर्वेच्या किनाऱ्यावर हिवाळी वादळांत दरवर्षी अनेक मच्छिमार बुडत. यावर उपाय म्हणून १८९१ साली तेथे सागरी बचाव संस्था स्थापन झाली आणि आर्चर यांनी तिच्यासाठी शिडाच्या नौकांचा एक नमुना तयार केला. त्या वर्गातील पहिली नौका १८९३ साली तयार झाली.

या नौकांचे काम समजून घेतले की त्यांचा आकार आपोआप समजतो. वादळाची चाहूल लागताच इतर होड्या बंदराकडे वळत, तेव्हा या नौका बंदराबाहेर पडत किंवा मासेमारी ताफ्यासोबत समुद्रातच थांबत. बंद पडलेली होडी ओढून आणणे, खवळलेल्या पाण्यात माणसे उचलणे आणि त्यानंतर स्वतः सुखरूप राहणे, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा होती. वेग हा दुय्यम मुद्दा होता. ॲटकिन यांनी सुमारे ४७ फुटांची ही बचाव नौका ३२ फुटांवर आणली. दोन-तीन माणसे घरच्यासारखी राहू शकतील, लांबच्या प्रवासाचा शिधा मावेल आणि हौशी माणसालाही परवडेल, असा तिचा बेत होता. मूळ आराखड्यातली चौकोनी शिडे ‘सुहैली’वर बदलून त्रिकोणी करण्यात आली, मुख्य डोलकाठी आणि मागे एक आखूड डोलकाठी अशा या रचनेला ‘केच’ म्हणतात.

वजन : दोष की गुण?

‘सुहैली’चे तळकाठ ३२ फूट लांब, सुमारे ११ फूट रुंद; पाण्याखाली ती साडेपाच फूट खोल जाते आणि तिचे वजन सुमारे १० टन आहे. आजच्या घडीला तेवढ्याच लांबीची हलकी नौका याच्या निम्म्या वजनातही बांधता येते. मग एवढे ओझे कशासाठी?

आधी वेगाचा हिशेब पाहू. पाणी कापत जाणारी नौका स्वतःच एक लाट निर्माण करते. नाळेपाशी लाटेचा एक उंचवटा आणि मागच्या टोकाशी दुसरा. वेग वाढतो तशी या दोन उंचवट्यांमधील लांबी वाढते. एका मर्यादेनंतर मागचा उंचवटा नौकेच्याही मागे पडतो आणि नौका स्वतःच केलेल्या लाटेच्या चढावर अडकते. जड नौकेला हा चढ ओलांडता येत नाही. म्हणूनच तिचा सर्वाधिक वेग पाण्यालगतच्या लांबीवरून ठरतो. ‘सुहैली’ची ही लांबी सुमारे २८ फूट, त्यावरून तिची कमाल मर्यादा सुमारे ७ नॉट येते. हलकी नौका लाटेच्या उतारावरून घसरत ही मर्यादा तोडू शकते. ‘सुहैली’ला ते सहसा शक्य नाही. प्रत्यक्ष प्रदक्षिणेत तिचा सरासरी वेग ४ नॉटच्या किंचित वर होता. रस्त्यावरच्या भाषेत बोलायचे तर ताशी साडेसात किलोमीटर, म्हणजे झपाझप चालणाऱ्या माणसाहून थोडा अधिक.

या संथपणाच्या बदल्यात वजन काय देते? पहिली गोष्ट, सामानाची मुभा. दहा टनांच्या नौकेत एक टन अन्न, पाणी व सुटे भाग भरले तरी तिच्या वागण्यात फारसा फरक पडत नाही. हलकी नौका तेवढ्याने दबून जाते. दुसरी गोष्ट, हालचालीचा संथपणा. हलकी नौका प्रत्येक लाटेवर बुचासारखी उसळते. चार तासांच्या सहलीत त्याची मजा वाटते. दहा महिने एकट्याने राहायचे असेल तर तीच उसळी माणसाची झोप, भूक आणि विचारशक्ती खाऊन टाकते. दमलेला खलाशी चुकतो आणि खोल समुद्रात एक चूक पुरते. जड नौका लाटेवर सावकाश चढते, सावकाश उतरते. तिच्यात माणूस स्वयंपाक करू शकतो, झोपू शकतो, दुरुस्ती करू शकतो.

तिसरी गोष्ट स्थैर्याची. नौका उभी राहते ती दोन कारणांनी : एक तिची रुंदी आणि दुसरे तिच्या तळाशी असलेला भार. रुंदीचे स्थैर्य शांत पाण्यात उत्तम असते. परंतु अतिरुंद, उथळ नौका एकदा पूर्ण उलटली की उलट्या स्थितीतही तितकीच स्थिर राहू शकते. तळाच्या भाराचे तसे नसते. नौका जितकी कलते तितका तो भार तिला अधिक जोराने मागे खेचतो. बाहुलीच्या बुडाशी वजन असले की ती पाडली तरी उठून बसते, तोच हा न्याय आहे.

या फरकाची किंमत किती असते, हे ऑगस्ट १९७९ मध्ये आयर्लंड व इंग्लंडदरम्यानच्या फास्टनेट शर्यतीत दिसले. ३०३ नौका निघाल्या असताना वादळ आले. १५ खलाशी मृत्युमुखी पडले, २४ नौका खलाशांनी सोडून दिल्या आणि त्यांपैकी ५ बुडाल्या. याचा अर्थ, सोडून दिलेल्या बहुसंख्य नौका माणसांविना तरंगतच होत्या. या दुर्घटनेनंतर नौका किती अंशांपर्यंत कलल्यावर सरळ होते, या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू झाला. त्याच शर्यतीत सर्वांत लहान गटातून एकच नौका शेवटपर्यंत पोहोचली. ‘कॉन्टेसा ३२’ वर्गातील ही नौका अरुंद व तळाशी जड होती, मात्र तिचा कणा जुन्या पद्धतीचा लांब नव्हता. म्हणजेच जुना आकार हा एकमेव उपाय नाही. त्यामागचे तत्त्व महत्त्वाचे.

लांब कणा आणि निमुळते टोक

नौकेच्या तळाची मुख्य तुळई, जिला कोकणात ‘पठाण’ म्हणतात, ती ‘सुहैली’त जवळजवळ पूर्ण लांबीभर पाण्याखाली उतरलेली आहे. सुकाणू तिच्याच मागच्या कडेला बिजागऱ्यांनी जोडलेले आहे. आधुनिक शर्यतीच्या नौकेत याऐवजी मध्यभागी एक अरुंद पाते खाली सोडलेले असते आणि सुकाणू मागे सुटे लटकत असते. या नव्या रचनेत पाण्याचे घर्षण कमी होते आणि नौका चटकन वळते. लांब कण्याची नौका वळायला आळशी. बंदरात तिला मागे घेणे म्हणजे मालमोटार गल्लीतून उलटी काढण्यासारखे.

परंतु भर समुद्रात हाच आळस उपयोगी पडतो. लांब कणा बाणाच्या पिसाऱ्याप्रमाणे दिशा धरून ठेवतो. वाऱ्याचा झोत किंवा आडवी लाट आली तरी नौका सहजासहजी भरकटत नाही. तरंगता ओंडका किंवा वाळूचा उंचवटा लागला तर धक्का आधी कण्याला बसतो. सुकाणू त्याच्या आडोशाला सुरक्षित राहते. सुकाणू गमावलेली नौका म्हणजे केवळ तरंगणारी वस्तू, हे लक्षात घेतले की या आडोशाचे मोल कळते.

तिसरे वैशिष्ट्य पाठीमागच्या टोकाचे. ‘सुहैली’ पुढून जशी निमुळती तशीच मागूनही निमुळती आहे. दक्षिण गोलार्धात ४० अंश अक्षांशाच्या खाली, ज्याला खलाशी ‘रोअरिंग फॉर्टीज’ म्हणतात, त्या पट्ट्यात जमिनीचा अडथळा नसल्याने पश्चिमी वारे पृथ्वीभोवती अखंड वाहतात आणि लाटा मागून येतात. सपाट, रुंद पाठीवर अशी लाट आदळली की तिचा जोर नौकेला पुढे ढकलतो व आडवी फिरवतो. आडवी झालेली नौका पुढच्या लाटेत उलटते. निमुळते टोक लाटेला दोन बाजूंना फाडते, असा या रचनेमागील विचार आहे. सर्व तज्ज्ञ तो मान्य करीत नाहीत. रुंद पाठीला मागून येणाऱ्या लाटेवर उचलले जाण्याचा लाभ मिळतो, असा प्रतिवाद केला जातो आणि त्यात तथ्य आहे. मात्र जड वजन, लांब कणा आणि निमुळते टोक हे तिन्ही एकत्र आले की नौका मागून येणाऱ्या समुद्रात शांतपणे चालते, हा अनुभव अनेकांनी नोंदवला आहे. अर्जेंटिनाचे वितो दुमास यांनी १९४२–४३ मध्ये याच पट्ट्यातून, याच घराण्यातील ‘लेग दोन’ या ३१ फुटी नौकेतून एकट्याने प्रदक्षिणा केली होती. अर्थात ते वाटेत बंदरांना थांबले होते.

नऊ निघाले, एक पोहोचला

मार्च १९६८ मध्ये लंडनच्या ‘संडे टाइम्स’ने ‘गोल्डन ग्लोब’ शर्यत जाहीर केली. १ जून ते ३१ ऑक्टोबर १९६८ या काळात निघायचे, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिकेची दक्षिण टोके ओलांडायची आणि कुठेही न थांबता परत यायचे. सर्वप्रथम परतणाऱ्यास सोन्याचा मुलामा दिलेला गोल आणि सर्वांत कमी वेळ घेणाऱ्यास ५ हजार पौंड असे बक्षीस होते.

नॉक्स-जॉन्स्टन यांना खरे तर ‘सुहैली’ न्यायचीच नव्हती. त्यांनी ५० फुटांहून मोठ्या पोलादी नौकेचा आराखडा करून घेतला होता. परंतु पैसे उभे राहिले नाहीत. नाइलाजाने, २९ व्या वर्षी, १४ जून १९६८ रोजी ते मुंबईत बांधलेली आपली जुनी नौका घेऊन निघाले.

केप व्हर्डे बेटांजवळ नौकेत पाणी शिरू लागले. कण्यालगतच्या फळ्यांमध्ये दोन्ही बाजूंना फट पडली होती. नॉक्स-जॉन्स्टन यांनी भर समुद्रात पाण्याखाली उतरून, श्वास टिकेल तेवढा वेळ काम करीत, त्या फटीत कापसाचे पीळ ठोकले आणि वरून तांब्याची पट्टी मारली. दरम्यान घोटाळणारा एक शार्क मासा त्यांनी बंदुकीने मारला. सप्टेंबरमध्ये दक्षिण महासागरात शिरताच लाटेने नौका आडवी केली. केबिनचा वरचा भाग जागचा हलला. टाकीतील गोडे पाणी खराब झाले, तेव्हापासून शिडांवरून ओघळणारे पावसाचे पाणी साठवून ते प्याले. रेडिओ बंद पडला. आपोआप सुकाणू धरणारी यंत्रणा अनेकदा मोडली आणि ऑस्ट्रेलियाजवळ कायमची निकामी झाली.

येथे नौकेचा तो जुना गुण कामी आला. शिडे जुळवून, सुकाणू बांधून ठेवून, ‘सुहैली’ उरलेले जवळपास अर्धे जग आपली आपण चालली. वादळात मागे लांब दोरखंड सोडायचे. त्यांच्या ओढीने नौकेचा वेग आवरला जाई आणि निमुळते टोक लाटांच्या दिशेने राही. खलाशी तेवढ्यात झोपत असे. न्यूझीलंडजवळ नोव्हेंबरमध्ये दिसल्यानंतर सुमारे साडेचार महिने तिची काहीच खबर नव्हती. या काळात, १७ जानेवारी १९६९ रोजी, तिने हॉर्न भूशिर ओलांडले होते. एप्रिलमध्ये अझोर्स बेटांजवळ एका तेलवाहू जहाजाला ती दिसली, तेव्हा जगाला तिच्या असण्याचा पत्ता लागला.

इतर आठ जणांचे काय झाले? पाच जण अटलांटिकमध्ये किंवा आफ्रिकेच्या टोकाजवळ माघारी फिरले. फ्रान्सचे बर्नार मोइतेसिए हॉर्न भूशिर ओलांडूनही युरोपकडे वळले नाहीत. शर्यतच सोडून ते ताहितीला गेले. नायजेल टेटली यांची तीन तळांची वेगवान नौका मे महिन्यात अझोर्सजवळ फुटून बुडाली. ते स्वतः वाचले. डोनाल्ड क्रोहर्स्ट यांची कहाणी सर्वांत करुण. तशाच तीन तळांच्या, घाईत बांधलेल्या नौकेतून ते निघाले. ती दक्षिण महासागर झेपणार नाही हे उमगल्यावर अटलांटिकमध्येच थांबून त्यांनी खोटी ठिकाणे कळवली. जुलै १९६९ मध्ये त्यांची नौका रिकामी सापडली. नॉक्स-जॉन्स्टन यांनी ५ हजार पौंडांचे बक्षीस क्रोहर्स्ट यांच्या कुटुंबाला देऊन टाकले.

यात एक योगायोग नजरेत भरतो. शर्यतीत दक्षिण महासागर पार करून अखेरपर्यंत धडधाकट राहिलेल्या दोन नौका, ‘सुहैली’ आणि मोइतेसिए यांची पोलादी ‘जोशुआ’, या दोन्ही जड, लांब कण्याच्या आणि दोन्हीकडे निमुळत्या होत्या.

दुरुस्तीयोग्य असणे हीच सुरक्षितता

शर्यतीच्या नोंदी वाचताना लक्षात येते की ‘सुहैली’वर जवळजवळ प्रत्येक गोष्ट कधी ना कधी मोडली. ती टिकली, कारण मोडलेली गोष्ट एका माणसाला, हातातल्या साध्या अवजारांनी, हलत्या नौकेवर दुरुस्त करता येत होती. लाकडी फळीत खिळा मारता येतो, फटीत कापूस भरता येतो, शीड सुई-दोऱ्याने शिवता येते. कार्बन तंतूंच्या आधुनिक नौका अधिक मजबूत असतात. पण त्या तुटल्या तर भर समुद्रात फारसे काही करता येत नाही. जवळचा किनारा दोन हजार मैलांवर असतो, तेव्हा ‘न मोडणारी’ वस्तू आणि ‘मोडल्यावर सुधारता येणारी’ वस्तू यांत दुसरी अधिक भरवशाची ठरते.

हा आराखडा पुढे फायबरग्लासमध्ये उतरला. १९७० च्या दशकात अमेरिकेत ‘एरिक’वर आधारित ‘वेस्टसेल ३२’ नावाच्या नौका शेकड्यांनी विकल्या गेल्या; घरदार विकून समुद्रावर राहायला निघालेल्या मध्यमवर्गीयांची ती आवडती नौका होती. त्यांपैकी ‘सटोरी’ १९९१ सालच्या ‘परफेक्ट स्टॉर्म’ या कुविख्यात वादळात सापडली. तटरक्षक दलाने तिच्यावरील माणसांना काढून घेतले. सोडून दिलेली नौका काही दिवसांनी अमेरिकेच्या किनाऱ्याला, वाळूत, जवळपास धडक्या स्थितीत लागलेली आढळली.

गोव्याची ‘तुरिया’ आणि मर्यादेचा धडा

‘सुहैली’ची कथा अर्ध्या शतकाने पुन्हा भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आली. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या ॲक्वेरियस शिपयार्डने ‘म्हादेई’ ही ५६ फुटी नौका बांधली होती. तिच्यातूनच नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९–१० मध्ये, वाटेत थांबे घेत, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय होण्याचा मान मिळवला. अभिलाष टॉमी यांनी २०१२–१३ मध्ये त्याच नौकेतून मुंबईहून निघून विनाथांबा प्रदक्षिणा पूर्ण केली.

मूळ शर्यतीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त २०१८ मध्ये ‘गोल्डन ग्लोब’ पुन्हा घेण्यात आली. नियम मुद्दाम जुन्या काळचे होते : लांब कण्याच्या, जुन्या आराखड्याच्या ३२ ते ३६ फुटी नौका, उपग्रहाच्या साहाय्याऐवजी सूर्य-ताऱ्यांवरून मार्गशोध. टॉमी यांच्यासाठी दांडेकरांच्या याच कारखान्याने ‘सुहैली’ची प्रतिकृती बांधली. तिचे नाव ‘तुरिया’.

२१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरात, ऑस्ट्रेलियातील पर्थपासून सुमारे १९०० सागरी मैलांवर, ‘तुरिया’ प्रचंड वादळात सापडून उलटली. डोलकाठ्या तुटल्या, टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली. जागचे हलताही येत नसताना ते तीन दिवस नौकेत पडून होते. २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच गस्ती जहाजाने त्यांची सुटका केली. ‘तुरिया’ समुद्रातच सोडावी लागली. त्या शर्यतीत पाच नौकांच्या डोलकाठ्या मोडल्या आणि पाचच जण अखेरपर्यंत पोहोचले.

कोणत्याही आकाराची ३२ फुटी नौका तिच्यापेक्षा उंच, फुटणाऱ्या लाटेने उलटू शकते, हा यातील धडा आहे. आराखडा धोका कमी करतो, नाहीसा करीत नाही. मात्र आणखी एक बाब नोंदवायला हवी. डोलकाठ्या गेल्या तरी ‘तुरिया’चे तळकाठ पुन्हा सरळ झाले आणि तरंगत राहिले, जखमी खलाशाला तीन दिवस तेवढ्याच आधाराने वाचवले. आर्चर यांच्या बचाव नौकांकडून सव्वाशे वर्षांपूर्वी जी अपेक्षा होती, ती तिने पूर्ण केली.

टॉमी २०२२ च्या शर्यतीत पुन्हा उतरले आणि २९ एप्रिल २०२३ रोजी दुसऱ्या क्रमांकाने पोहोचले. त्यांची ‘बायानत’ आणि पहिल्या आलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर यांची ‘मिनेहाहा’ या दोन्ही ३६ फुटी, लांब कण्याच्या नौका. ‘मिनेहाहा’चा आराखडा ॲटकिन यांच्याच दुसऱ्या एका नौकेवरून विकसित झालेला आहे.

संग्रहालयातून पुन्हा समुद्रात

‘सुहैली’ १९९७ साली लंडनजवळील ग्रिनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयात ठेवण्यात आली. पण तेथील कोरड्या हवेत तिच्या फळ्या आकसू लागल्या. लाकडी नौकेचे सांधे पाण्याने फुगून घट्ट बसतात. पाणी काढून घेतले की तेच सांधे उघडे पडतात. २००२ मध्ये तिला संग्रहालयातून बाहेर काढण्यात आले. पुढे नॉक्स-जॉन्स्टन यांनी स्वतः कित्येक वर्षे खपून तिची डागडुजी केली. गंजलेले खिळे आणि बोल्ट बदलले आणि २०१६ मध्ये ती पुन्हा पाण्यात उतरली. कुलाब्याच्या सुतारांनी तासलेल्या सागवानी फळ्या मात्र तशाच ठणठणीत होत्या.

त्या सुतारांची नावे या विक्रमाच्या सोहळ्यात कधी घेतली गेली नाहीत. त्यांना जगप्रदक्षिणेची नौका बांधायची आहे, असे कोणी सांगितलेही नव्हते. समुद्रावर जाणाऱ्या माणसाने सुखरूप परत यावे, एवढ्याच हिशेबाने त्यांनी सांधे जुळवले होते. तो हिशेब पुरेसा ठरला.